हसीनाभाभीनं तालुक्याला आणलेलं मशीन

माझं माहेर पणदऱ्याचं. वडलांच्या म्हशी व्हत्या, दोन्ही येळ डेअरीला दूध जायचं, माझी शाळा चौथीवर संपली अन् पुढं मी म्हशींच्या मागंच मोठी झाले, त्यात मला काय वाईट वाटलं न्हाय, आमच्या आळीतल्या समद्याच पोरींचं तसं व्हतं. मी पहिल्यापासनं लाजाळू, कुणी पाव्हणं आलं की चुलीमागं जाऊन बसायची. हे मला बघायला आले तवासुद्धा मी मान वर केली न्हाय, मला फकस्त त्यांचा हात दिसला, कारण त्यो हात सारखा तांब्याकडं जात व्हता. आईनं ताक दिलं ते पिले, परत दिलं तेबी पिले, मग माझी आज्जी आतनं म्हणली, नवरा मुलगा हाय का पाण्याचा टँकर हाय, अन् ते बाहेर ऐकू गेलं, अन् हे हसत म्हणले, आज्जी, टँकरच समजा, पण भरल्याबिगर माघारी जायचा न्हाय. असं आमचं लगीन जमलं. आता हे तुला का सांगती, तर पुढं ह्यांच्या नशिबाला पाण्याचंच दुखणं आलं म्हणून सांगती.

डाळजला नांदाया आले. हायवेच्या कडंचं गाव, रात्रंदिस गाड्यांचा आवाज, पहिल्या वर्षी मला झोप लागायची न्हाय, आता आवाज थांबला तर जाग येती. ह्यांचं खरं काम ट्रॅक्टरवर. मालकाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, अन् हंगाम लागला की माळेगावच्या बाजूला कारखान्याला ऊस वाहायचा. घरी आलं की अंगाला मळीचा वास अन् तोंडात नुस्त्या गप्पा. कारखान्याच्या यार्डात गाड्यांची रांग लागती, आपला नंबर येईपर्यंत ड्रायव्हर लोक ट्रॉलीखाली सावलीला झोपत्यात, नंबर आला की भरली गाडी वजनकाट्यावर घ्यायची, ऊस खाली करायचा, अन् जाताना रिकामी गाडी परत काट्यावर घ्यायची, म्हणजे मधल्या फरकाएवढा ऊस. मी कारखाना कवा बघितला न्हाय, पण ह्यांनी एवढं सांगितलं की डोळं झाकून मी तितं गाडी लावीन.

मग एका हंगामात पाय सुजायला लागले. ट्रॅक्टरवर बसून बसून सुजत असतील असं समदी म्हणली. चप्पल पायात जाईना, अंगाला खाज, जेवणाचा वास आला तरी उलटी. गावात सुया घेतल्या, कुणी सांगितलं काढा घ्या, काढा घेतला. शेवटाला बारामतीला नेलं, तिथल्या डॉक्टरनं रक्त तपासलं अन् मला बाहेर बोलवून म्हणले, ताई, ह्यांच्या दोन्ही किडन्या गेल्यात, आता मशीन लावावं लागंल. काय सांगू तुला बाई, आमच्याकडं तवा मशीनचं नाव काढलं की माणूस गेलाच असं समजायचे. अमक्याला मशीनवर घेतलं म्हणजे आता पाव्हण्यांना कळवा. मी डॉक्टरला इचारलं, किती दिवस लावायचं. ते म्हणले, हाय तोवर. मला वाटलं मशीन हाय तोवर. मागनं कळलं, माणूस हाय तोवर.

बारामतीत तवा लई गर्दी, नंबर मिळंना, म्हणून पुण्याला सरकारी मोठ्या दवाखान्यात गेलो. माझा दीर म्हणत व्हता, सरकारीत नको, खाजगीत घालू, गावात वर्गणी काढू. हे म्हणले, वर्गणी देवळाला काढत्यात, मी काय देऊळ हाय व्हय. तितं गेलो तर एक बाई टेबलावर बसल्याली, तिनं आमचं केशरी रेशनकार्ड बघितलं, आधारकार्ड बघितलं, अन् म्हणली, योजनेत बसतंय. मला काय बसतंय ते कळलंच न्हाय. ह्यांना मशीनवर घेतलं, चार तास रक्त नळीतनं बाहेर गेलं अन् साफ होऊन आत आलं, अन् संध्याकाळी मी पदराची गाठ हातात धरून पैसं भरायच्या खिडकीसमोर रांगेत उभी राहिले, आपली सवय. खिडकीतला माणूस म्हणला, मावशी, तुमचं काय भरायचं न्हाय, सरकार भरतंय. मी तितंच उभी. त्यो म्हणला, आता काय पाहिजे. मी म्हणलं, काय न्हाय. सरकार म्हणजे मला तलाठी अन् ग्रामसेवक एवढंच ठाऊक, त्यांनी कवा आमचं काय भरल्यालं मी बघितलं नव्हतं.

घरी आलो अन् माणसं भेटायला यायला लागली. आपल्याकडं आजारी माणसाला बघायला कुणी रिकाम्या हातानं जातं का, न्हाय ना, शहाळंच नेत्यात. शहाळ्यानं ताकद येती, शहाळं थंड, शहाळं पोटाला चांगलं, आपल्या आज्यापासनं असंच. ह्यांना गावात मानणारी माणसं लई, ट्रॅक्टरवर जाताना कुणाला बसवून न्या, कुणाची चाऱ्याची पेंढी पोचवा, त्यामुळं खाटंखाली शहाळ्यांचा ढीग झाला. डॉक्टरनं पाणी मोजून सांगितलं व्हतं, ते आमी पाळत व्हतो, अन् शहाळं म्हणजे काय पाणी नव्हं, ते औषधच असं समदी म्हणली, सासूबाई म्हणल्या, दीर म्हणला, अन् जन्माचा ताहानेला माणूस, त्येला कुणी सांगतंय पी म्हणून, त्यो काय न्हाय म्हणतोय. तिसऱ्या दिवशी ह्यांच्या हातनं तांब्या उचलंना. पाय उभे राहीनात. छातीत काय तरी थांबल्यावानी व्हतंय म्हणले.

सरकारी अँब्युलन्स आली, पार पुण्यापर्यंत नेलं. तिथली डॉक्टर म्हणजे आपल्या धाकट्या भणीएवढी पोरगी, तिनं छातीला वायरी लावल्या, कागद बघितला अन् पळापळ केली, अन् तशीच मशीनवर घेतलं. रात्र उलटून गेल्यावर हे बोलायला लागले तवा ती म्हणली, काय खाल्लं का पिलं ते खरं सांगा. मी सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला. म्हणली, मावशी, शहाळ्यात जे असतं ते चांगल्या माणसाला अमृत अन् ह्यांना इख, किडनी ते बाहेर टाकत न्हाय, ते साठलं की काळीज बंद पडतं. मग ह्यांच्याकडं बघून म्हणली, काका, सरकारनं तुमच्यासाठी मशीन दिलं, औषध दिलं, माणसं दिली, अन् तुमी शहाळ्यानं मरायला निघाला व्हय. हे एवढ्यातसुद्धा म्हणले, डॉक्टरीणबाई, मरण गोड व्हतं की. ती हसली, अन् मी तितंच रडले, तवर मला रडू आलं नव्हतं.

त्या दिवसापासनं सासूबाई दारात पोतं टाकून बसल्या. कुणाच्या हातात शहाळं दिसलं की बाहेरनंच म्हणायच्या, ते तितंच ठेव अन् मग आत ये. कितीजण रुसले. आमच्या भावकीतल्या एका तात्यांनी शहाळं उचललं अन् माघारी गेले ते दिवाळीपर्यंत बोलले न्हाईत.

आता जाण्यायेण्याचं सांगती. आठवड्यातनं दोनदा पुणं. इंदापूरवरनं येणारी एसटी डाळजला पहाटं यायची, ती गच्च भरल्याली, उभ्यानं जायचं, तितं दिवसभर, अन् येताना ह्यांच्या अंगात जीव नसायचा, मशीननं पाणी काढलं की माणूस पिळून टाकल्यावानी व्हतो, पायात गोळं येत्यात, डोकं गरगरतं, अन् तसंच परत एसटीत. त्या दिवसाचं माझं खुरपण बुडायचं ते वेगळं. अशाच एका पहाटं मागच्या सीटवरनं एक बाई वरडली, ओ ताई, त्या भाऊला इकडं आणा, मशीनवाले हायत ना. मला नवल वाटलं. जवळ गेले तर तिनं पिशवी उचलली अन् जागा करून दिली. मी इचारलं, तुमाला कसं कळलं. ती म्हणली, हातावरची पट्टी बघा की, आमच्याबी साहेबांना तीच बांगडी हाय. त्या हसीनाभाभी. इंदापूरच्या. नवरा चांदभाई, सायकल दुरुस्तीचं दुकान, गप्प माणूस. भाभी एवढी बोलायची की त्येला बोलायची गरजच पडली नसंल.

तवापासनं भाभी इंदापूरलाच चढून पिशवी ठेवून आमची जागा धरायची. कंडक्टर म्हणायचा, भाभी, पिशवीचं तिकीट काढा. ती म्हणायची, पिशवीला किडनी न्हाय, ती आजारी पडत न्हाय, तिला फुकट न्या. माझ्यासारखी बाई, जिला दुकानात मीठ मागायची लाज, तिच्याकडं नुस्ती बघत राहायची. ती मला सुमनताई म्हणायची अन् ह्यांना भावजी. तिनंच शिकवलं, तहान लागली की बर्फाचा बारका खडा जिभंखाली धरायचा, न्हायतर लिंबाची फोड चाटायची, अन् दिवसाचं पाणी सकाळीच एका तांब्यात मोजून ठेवायचं, म्हणजे माणसाला दिसतं किती राहिलं. दवाखान्यात मशीनच्या आधी अन् नंतर वजन करत्यात, किती पाणी काढलं ते कळायला. ह्यांनी पहिल्यांदा ते बघितलं तवा म्हणले, हे तर आमच्या कारखान्याचंच काम, भरली गाडी काट्यावर, रिकामी गाडी काट्यावर. चांदभाई तवा पहिल्यांदा हसल्याला मी बघितला. पुढं ते दोघं वजनाला गेले की एकमेकाला इचारायचे, आज किती टन.

पण माणूस किती दिवस हसंल. हंगाम लागला, अन् मालकानं ट्रॅक्टर दुसऱ्या ड्रायव्हरला दिला, त्येचंबी काय चुकलं, आठवड्यातनं दोन दिवस ड्रायव्हर न्हाय तर ऊस कोण नेणार. आमच्या घरावरनंच त्या ट्रॉल्या जायच्या. हे दारात बसून बघायचे अन् आवाजावरनं सांगायचे, गिअर चुकीचा टाकला बघ त्यानं. एक दिवस एसटीची येळ झाली अन् हे उठंनात. मी म्हणलं, चला. म्हणले, मी येत न्हाय. मी इचारलं, आजच्या दिवस न्हाय का, तर म्हणले, आता कवाच न्हाय. हिंडून हिंडून रस्त्यावर मरण्यापरास घरी मरतो, तूबी सुटशील अन् मीबी सुटंन. सासूबाईंनी पाय धरले. दीर रडला. हे भिंतीकडं तोंड करून पडले. एसटी येऊन गेल्याली मला ऐकू आली. तुला सांगती, मी त्यांच्या हाताच्या शिरंवर हात ठेवून बसले, ऑपरेशन करून जोडल्याली शीर, तिला हात लावला की माशी गुणगुणल्यावानी थरथर लागती, ती थरथर हाय तवर माणूस हाय असं मला वाटायचं.

पुढच्या खेपंलाबी गेलो न्हाय. तोंड सुजलं, दम लागायला लागला. अन् दुपारी दारात कोण, तर हसीनाभाभी. चांदभाईला भाच्यापाशी सोडून एकटी आल्याली, इचारत इचारत. मला वाटलं आता ही समजूत घालंल, देवाधर्माचं सांगंल. न्हाय. वट्यावर बसली, घाम पुसला अन् ह्यांना म्हणली, भावजी, तुमी दोन खेपा पिशवीची जागा वाया घालवली, कंडक्टर माझ्यावर हसतोय. मग म्हणली, तुमाला मरायचं तर मरा, पण माझं एक काम करून मरा. इंदापूरला तालुक्याची आमसभा हाय. तितं मी मशीन मागणार हाय, आपल्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात. बाईमाणूस अन् त्यात मी, मला पाच मिनिटात खाली बसवतील. एक तरी ड्रायव्हरचा आवाज पाहिजे माझ्याजवळ. हे भिंतीकडनंच म्हणले, मागून देत असतंय व्हय सरकार. भाभी म्हणली, का न्हाय, पुण्यात दिलंयच की. मशीन दिलं ते उपकार न्हाईत, त्यांचं काम हाय, अर्धं काम केलंय अन् अर्धं राहिलंय, ते आपुन सांगायचं. अन् आमसभेला यायचं तर तवर जगायला लागंल, उद्या एसटीत जागा धरते.

दुसऱ्या दिवशी पहाटं हे उठून पायात चप्पल घालायला बघत व्हते. चप्पल जात नव्हती. मी तशीच हातात घेतली अन् आमी निघालो.

आमसभा म्हणजे समदा तालुका एका हॉलात. वर साहेब लोक, खाली शेतकरी. कुणाची डीपी जळाल्याली, कुणाच्या रस्त्याला खडी न्हाय, कुणाला कॅनॉलच्या पाण्याचं आवर्तन मिळालं न्हाय, समदी माइकसाठी भांडत्यात. भाभीनं आधीचे दिवस गावोगाव हिंडून मशीनवाली माणसं जमवल्याली, त्यांना पुढच्या रांगेत बसवलं, कुणाच्या हाताला पट्टी, कुणाच्या मानंला नळी, अन् ती गोळा झाली तवाच मला कळलं की आपल्यासारखी किती घरं हायत, अन् समदी गुपचूप आपापल्या एसटीनं जात व्हती. मी भाभीच्या मागं पदर तोंडावर घेऊन. तिनं माइक मागितला न्हाय, एकाचं बोलून झालं तसा त्याच्या हातनं घेतला. म्हणली, आमाला हितं डायलिसिसचं मशीन पाहिजे. वरचा एक साहेब म्हणला, बाई, सरकारनं डायलिसिस फुकट केलंय, अजून काय पाहिजे. भाभी म्हणली, केलंय साहेब, तुमच्या तोंडात साखर पडो, कोण न्हाय म्हणतंय. पण ते पुण्यात फुकट हाय अन् आमी हितं आजारी हाय. हॉलात हशा झाला. साहेब म्हणले, मागणी वर पाठवलेली हाय. भाभी म्हणली, वर म्हणजे कुठं, वर आमी तुमच्या आधी पोचू.

परत हशा, अन् हसण्यावारीच जातंय असं मला वाटलं, अध्यक्ष म्हणत व्हते, पुढचा प्रश्न घ्या. तवा हे उठले. माइक नव्हता, अंगात ताकद नव्हती, खुर्चीला धरून उभे राहिले अन् यार्डात एका गाडीवरनं दुसऱ्या गाडीला हाक मारतात तसा आवाज काढला. म्हणले, साहेब, मी ऊसाचा ड्रायव्हर. तोडल्याला ऊस फडात पडून राहिला तर वाळतो, वजन घटतं, म्हणून कारखाना गाडी पार बांधावर पाठवतो. आजवर कुणी शेतकऱ्याला म्हणलं न्हाय की मोळी डोक्यावर घे अन् चालत कारखान्यात ये. ही पुढच्या रांगेत बसल्याली समदी तोडल्याला ऊस हाय, साहेब. आमच्या बांधावर गाडी कवा येणार तेवढं सांगा.

कुणी हसलं न्हाय. हॉलातली निम्मी माणसं ऊसवाली, त्यांना ते लागलं. मागनं एकजण म्हणला, बरोबर हाय. मग दुसरा म्हणला. मग डीपीवाले, रस्तेवाले, समदेच म्हणायला लागले, आधी ह्यांचं घ्या. तवा आपल्या सरकारी दवाखान्याचे डॉक्टर उठले. मी तवर समजायची सरकारी डॉक्टर म्हणजे सुई अन् पांढरी गोळी. ते म्हणले, माझ्याकडं एक मोठी खोली हाय, सामान ठेवलंय, मी ती मोकळी करून देतो. पाणी साफ करायचं यंत्र, मशीन अन् शिकलेला माणूस वरनं द्या, बाकी मी बघतो. अध्यक्ष म्हणले, ठरावात घ्या. भाभी काय खाली बसंना. म्हणली, लिवलेलं वाचून दाखवा, मला वाचता येत न्हाय पण ऐकू चांगलं येतं. अन् वाचायला लावलं, माइकवरनं, समद्या तालुक्यासमोर.

ठराव झाला म्हणून मशीन येतं का, तुला ठाऊकच हाय. पण भाभीनं पाठ सोडली न्हाय, अन् डॉक्टरांनीबी न्हाय, हे मी सांगितलं पाहिजे, कारण माणसं सरकारी माणसाचं वाईट तेवढं सांगत्यात. त्यांनी ती खोली खरंच रिकामी केली, गवंडी लावला, फरशी घातली, अन् मशीनचा पत्ता नव्हता. भाभी बाजारच्या दिवशी दवाखान्यात जायची, साहेब, आलं का. ते म्हणायचे, भाभी, कागद पुण्याला गेलाय. पुढच्या खेपंला म्हणायचे, कागद आता मुंबईला हाय. भाभी म्हणायची, चांगलं झालं, कागदाला तरी एसटीत जागा मिळाली. अन् डॉक्टर हसत हसत तिच्यासमोरच वरच्या साहेबाला फोन लावायचे.

त्या थंडीत चांदभाई गेला. ताप आला, छाती भरली, पुण्याला नेईपर्यंत राहिला न्हाय. आमी इंदापूरला गेलो, भाभी गप्प बसल्याली, तिचं गप्प बसणं मला बघवंना. हे तिच्यासमोर बसले. निघताना ती एवढंच म्हणली, भावजी, पिशवीची जागा आता तुमची तुमी धरा.

अन् मग मशीनं आली. ट्रकातनं उतरवली, पाण्याचं यंत्र बसलं, शिकलेला तंत्रज्ञ आला, दोन सिस्टर आल्या. फीत कापायच्या दिवशी मोठी मोठी माणसं, भाषणं, हार. भाभी आल्याली, पण मागं, पाण्याच्या टाकीपाशी. तिला कुणी वर बोलवलं न्हाय. समदी चहाला गेली तवा डॉक्टर पेला घेऊन तिच्याकडं गेले अन् म्हणले, भाभी, हे बघा आपल्या यंत्राचं पाणी, पहिलं तुमी चाखा. तिनं घोट घेतला अन् म्हणली, याला तर चवच न्हाय. डॉक्टर म्हणले, चवीचं जे असतं ते ह्या माणसांना बाधतं, ते काढून टाकलंय. भाभीनं पदरानं तोंड पुसलं का डोळं पुसलं, मी बघितलं न्हाय. मला बघायचं नव्हतं.

मशीन थोडी अन् माणसं जास्त, म्हणून पाळ्या लावल्या. अर्ज दिले तसे नंबर, अन् मंगळवार-शुक्रवारची सकाळ चांदभाईची व्हती, डॉक्टरांनी ती अगोदरच ठरवल्याली. ती आता मोकळी, अन् पुढचा नंबर ह्यांचा. सिस्टरनं फोन केला, तुमच्या माणसाला घेऊन या. हे तयार व्हईनात. म्हणले, मी पुण्यालाच जातो, मेलेल्या माणसाच्या जागंवर मी बसणार न्हाय. मला वाटलं, परत भिंतीकडं तोंड करतील का काय. मी आयुष्यात कुणाला स्वतः होऊन फोन केल्याला न्हाय, त्या दिवशी भाभीला केला. ती म्हणली, मंगळवारी आणा त्यांना दवाखान्यात, मी येते, बाकीचं मी बघते.

मंगळवारी हे दारातच थांबले. भाभी आत मशीनपाशी उभी. तितनंच म्हणली, भावजी, यार्डात पुढची गाडी खाली होऊन गेली की मागची गाडी पुढं घ्यायची का तितंच रडत बसायचं. हे म्हणले, पुढं घ्यायची. न्हाय घेतली तर, भाभीनं इचारलं. हे म्हणले, मागची समदी खोळंबत्यात. मग घ्या की पुढं, ती म्हणली, चांदभाई वजन करून रिकामा होऊन गेला, आता तुमी काट्यावर या. हे काट्यावर उभे राहिले. सिस्टरनं वजन लिवलं. भाभीनं इचारलं, किती टन. हे कायतरी बोलायला गेले अन् त्यांना हुंदका आला, अन् तसंच खुर्चीवर बसून त्यांनी हात पुढं केला.

आता डाळजवरनं तासाच्या आत पोचतो. सकाळी जातो, दुपारच्या जेवणाला घरी. खुरपणाला मी दुपारनंतर का व्हईना जाती. ह्यांनी मालकाच्या गोठ्यावर बसून करायचं काम धरलंय, दुधाच्या किटल्या, माणसांची हजेरी, बसून बसून समद्यांची चेष्टा करत्यात. मधी डॉक्टरांनी अजून दोन मशीन मागून घेतली. समदं चांगलंच हाय असं मी म्हणत न्हाय. तंत्रज्ञ रजेवर गेला की पाळी पुढं ढकलती, लाइट गेली की जीव वर-खाली व्हतो, अन् पावसापाण्यात लांबच्या वाडीवरनं येणाऱ्याला अजून गाडीची सोय न्हाय, भाभी सध्या त्यासाठी डॉक्टरांच्या मागं लागल्याली हाय. ह्यांच्या किडन्या काय परत यायच्या न्हाईत. ते आमाला दोघांनाबी ठाऊक हाय, त्यावर आमी बोलत न्हाय.

भाभीचं घर चालतं कसं, ती कवा सांगत न्हाय. चांदभाईचं दुकान भाचा बघतो, ती शिलाई करती. अन् मधी येळ मिळाला की दवाखान्यात जाऊन बसती, नवीन कुणाच्या माणसाला मशीन लावलं अन् ती बाई दारात उभी असली की तिला जवळ घेती, म्हणती, बस गं, काय न्हाय व्हत, आधी ती शहाळी लपव. सरकारनं मशीन दिलं, ते सरकारचं कामच व्हतं, पण सरकारला त्याचं काम सांगायला एक माणूस लागतं, अन् ते माणूस आपल्याला मिळालं, ह्याचं मला रोज नवल वाटतं.

यंदाच्या ईदला ती घरी आली. डब्यात समद्यांना शीरखुर्मा, अन् ह्यांच्यासाठी वेगळी वाटी, एवढीशी, हळदकुंकवाची असती तसली. हे म्हणले, भाभी, एवढ्यानं काय व्हतंय. ती म्हणली, जगायला तेवढंच व्हतंय, गुमान खा. ह्यांनी एक चमचा घेतला, लई येळ तोंडात घोळवला. देवानं, अल्लानं, ज्यानं कुणी असंल त्यानं, तिला चांगले पाय द्यावेत, तिला अजून लई ठिकाणी जायचंय. अन् आमच्या ह्यांना जेवढं देणार असंल तेवढं द्यावं. जास्तीचं मी मागत न्हाय. शुक्रवारी सकाळी परत पाळी हाय, तेवढी सुखरूप व्हावी.